मायचं तोंड पुसताना

"थुंकली! मायच्या तोंडावर थुंकली गं ही बया!"

मी दचकून मागे वळले. दारात कातरीनबाय उभी होती. एका हातात माझ्यासाठी आणलेली चहाची किटली, दुसरा हात छातीवर, आणि डोळे माझ्या ओठांवर. माझ्या तोंडात कापूस गुंडाळलेली काडी होती. अशीच एक ओली काडी क्षणभरापूर्वी मी मरियामातेच्या गालावर फिरवली होती.

"मावशी, तसं नाहीये..." काडी तोंडातून काढत मी म्हणाले. तोंडातून काडी काढत 'तसं नाहीये' म्हणणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार?

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तोंडात घातलंस, ओलं केलंस आणि मायला लावलंस. एकदा नाही, दोनदा!"

इतक्या संतापातही तिनं किटली आदळली नाही. वाकून, सांडणार नाही अशी जमिनीवर ठेवली आणि सपाता वाजवत निघून गेली. त्या आवाजानं कोपऱ्यात मच्छरदाणीखाली झोपलेली रेवा जागी झाली नि रडायला लागली. मी आधी स्पिरिटनं हात पुसले, मग तिला उचललं. त्या दिवसांत हा क्रम माझ्याकडून कधीच चुकत नसे.

रेवा तेव्हा आठ महिन्यांची होती. आता ती कॉलेजात जाते आणि माझे फोन उचलत नाही. मी तेव्हा मुंबईतल्या एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत जुनी चित्रं दुरुस्त करत असे. बाळंतपणाच्या रजेवरून परत आले, आणि पहिलंच काम आलं ते वसईच्या किनारपट्टीवरच्या बोरभाट नावाच्या गावचं. तिथल्या चर्चमध्ये सागाच्या फळ्यांवर रंगवलेलं एक चित्र होतं, दाराएवढं मोठं. मरियामाता आणि तिच्या मांडीवर बाळ येशू. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी इथल्याच कुणीतरी पाद्र्यांकडून शिकून काढलेलं असावं. नाव कुठंच नव्हतं. चित्र मुंबईला न्यायला गावाचा ठाम नकार होता, म्हणून मीच रेवाला घेऊन तिथं गेले. सिस्टरांच्या मठात राहायचं, आणि वेदीमागच्या खोलीत काम करायचं.

चित्र म्हणजे काळीठिक्कर फळी होती. बोरभाटच्या बायकांचा एक रिवाज होता. मायचा सण सप्टेंबरात. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या मायला तेल लावत. ताजं खोबरेल तळहातावर घेऊन, न्हाऊ घालण्याआधी लेकराला चोळावं तसं चोळत. मग वर्षभर त्या तेलावर मेणबत्त्यांची काजळी बसे. पुढच्या सणाला काजळीवर पुन्हा तेल. असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. त्यांनी मायेनंच आपल्या मायला काजळीत बुडवून टाकलं होतं. तिचा चेहरा पाहिलेलं माणूस गावात उरलं नव्हतं. सगळे तिला काळी मायच म्हणत.

त्या तेलाचा मान कातरीनबायच्या घराण्याकडे. साठी ओलांडलेली बाई, अंगानं दणकट, आणि जिभेनं त्याहून. पहिलं बोट तिचं, मग गावाचं.

त्या वर्षी फादर रेमंडनी हट्टानं आम्हाला बोलावलं होतं. चर्च कमिटीच्या पास्कलचं म्हणणं वेगळं. त्याच्या मते, एवढा खटाटोप कशाला? गावोगावचे क्रूस रंगवणारा व्हॅलेरियन पेंटर दोन दिवसांत मायला ऑइल पेंटनं नवीकोरी करून देईल, निळी साडी नि गुलाबी गाल. शेवटी कमिटीनं मला परवानगी दिली ती एका अटीवर. गावाची तक्रार आली, की माझं काम बंद आणि व्हॅलेरियन चालू. ऑइल पेंटचा एक हात त्या फळीवर बसला असता, तर खालचा चेहरा कायमचा गेला असता. वरचा रंग काढायला जावं तर जुना त्याच्याबरोबर सोलून निघतो.

आणि तो चेहरा मी नुकता कुठं पाहिला होता! कपाळाचा एक तुकडा आणि डाव्या गालाचा, रुपयाच्या नाण्याएवढा. गव्हाळ, उन्हातून घरी आलेल्या बाईचा असतो तसा, किंचित तांबूस गाल. तो बघितल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

थुंकीचं सांगायचं, तर तो शोध माझा नाही. जुन्या चित्रांवरचा मळ काढायला हा उपाय फार पूर्वीपासून वापरतात. माणसाच्या लाळेत तेलकट मळ सैल करणारं काहीतरी असतं, आणि नाजूक रंगाला ती सहसा दुखवत नाही. कापूस ओला करायचा, हलकेच फिरवायचा, मग स्वच्छ पाण्यानं टिपून घ्यायचं. बाटल्यांतली रसायनं मायच्या चेहऱ्यावर वापरायला माझा हात धजत नव्हता. शिवाय मी रेवाला अंगावर पाजत होते, नि ती त्याच खोलीत झोपायची. तेव्हा मी मुकाट्यानं कॉलेजातल्या माझ्या सरांनी शिकवलेली जुनी युक्ती धरली. गावाला मात्र काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार?

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर फादरांचं बोलावणं आलं. शाळेच्या हॉलमध्ये बाकांवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. पुढच्या बाकावर कातरीनबाय, ताठ. एका बाजूला पास्कल, हाताची घडी घालून. बायका आपसांत आपल्या बोलीत बोलत होत्या, मी आत शिरले तशा गप्प झाल्या. मी रेवाला छातीशी घट्ट धरून कडेच्या खुर्चीवर बसले.

"मॅडम," फादर रेमंड घसा खाकरून म्हणाले, "कातरीनबाय म्हणतात ते... म्हणजे काहीतरी गैरसमज झाला असणार..."

"गैरसमज नाही, फादर. मी थुंकीच वापरते."

फादरांनी डोळे मिटले. त्यांनी मला सुटायला दार उघडून दिलं होतं आणि मी ते स्वतःच लावून घेतलं होतं.

"घ्या!" पास्कल म्हणाला. "म्युझियमची तज्ज्ञ बोलावली, ती थुंकायला! अहो, आमच्या बाजारात कोपऱ्याकोपऱ्यावर असे तज्ज्ञ उभे असतात. पान खाऊन."

हॉल हसला.

"थुंकणं वेगळं, हे वेगळं. लाळेत एन्झाइम्स असतात, त्यानं तेलकट मळ..."

"बाय, आम्हाला एन्झाइम नको शिकवूस," कातरीनबाय म्हणाली. "उष्टं ते उष्टं. मायच्या पुढ्यात फूल ठेवताना मी आजवर त्याचा वास घेतला नाही. आणि तू तोंडातलं काढून लावतेस?"

"ती आपल्यातली नाही. तिला काय कळणार?" मागून कुणीतरी म्हणालं.

ते मला लागलं. "आमच्यातही नाही चालत. आमच्या सासूबाई नैवेद्याची आमटी चाखूही देत नाहीत."

"मग?" कातरीनबायनं मला तिथंच पकडलं. "माहीत होतं ना तुला? माहीत असून केलंस!"

कॉलेजात आम्हाला लाकडाची कीड, रंगांचे थर, वार्निश, सगळं शिकवलं होतं. भर सभेत एका बाईनं असं कोंडीत पकडलं तर काय करायचं, एवढंच शिकवलं नव्हतं.

"झालं तर मग," पास्कल उठत म्हणाला. "तक्रार आली. उद्या व्हॅलेरियनला फोन लावतो."

"फादर, प्लीज," मी म्हणाले. "ऑइल पेंट लागला तर तिचा खरा चेहरा परत कधीच दिसणार नाही. तुम्ही पाहिलाय तो गाल..."

"कुठला खरा चेहरा?" पास्कल म्हणाला. "आमच्या आज्यापणज्यांनी काळ्या मायपुढेच गुडघे टेकले. त्यांचं काही अडलं नाही."

"तुझा व्हॅलेरियन तरी तिला काळी ठेवणार आहे का रे?" एका म्हातारीनं विचारलं, नि पुन्हा हशा पिकला. त्या गोंधळाला रेवा कंटाळली, चुळबुळ करायला लागली. माझ्या शेजारच्या बाकावर इस्तेर नावाची एक तरुण बाई होती. तिनं हसत सहज हात पुढे केले, "द्या हो, मी घेते." मी काही विचार करायच्या आत रेवाला मागे ओढलं. जोरात. इस्तेरचे हात तसेच हवेत राहिले.

कातरीनबायनं ते पाहिलं.

"थांब पास्कल," ती म्हणाली. "फोन नंतर कर. आधी मला हिला एक विचारू दे." ती माझ्याकडे वळली. आवाज आता खाली आला होता, आणि त्यानंच मला जास्त धास्ती वाटली. "रोज मी चहा घेऊन येते. रोज म्हणते, दे जरा पोरीला, अंगणात फिरवून आणते. तू काय म्हणतेस?"

मी रेवाला आणखी घट्ट धरलं.

"म्हणतेस, आत्ताच झोपलीये. पोरीचे डोळे टक्क उघडे! म्हणतेस, सर्दी आहे. आणि परवा तिनं माझं बोट धरलं, तर मी पाठ वळवल्यावर तू तिची मूठ पुसलीस. बाटलीतलं औषध लावून. दाराच्या काचेत दिसलं मला."

तिनं बोट आधी माझ्याकडे केलं, मग रेवाकडे.

"तुझी थुंकी आमच्या मायला चालते," कातरीनबाय म्हणाली, "आणि आमचा हात तुझ्या पोरीला चालत नाही?"

मला वाटायचं, मी सगळ्यांवर नजर ठेवून असते. कोण खोकलं, कोणाच्या नखांत माती आहे, कोण रेवाच्या किती जवळ आलं. माझ्यावरही कुणाची नजर असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"ती सातव्या महिन्यात झाली," मी म्हणाले. हे तिथं सांगायचं असं मी ठरवलं नव्हतं. "काचेच्या पेटीत होती. हात घालायला दोन गोल भोकं असतात. हातमोजा घालून एका बोटानं स्पर्श करायचा, तेवढीच परवानगी. एकदा मी मोजा नाही घातला. नुसतं बोट लावलं तिच्या तळपायाला. त्याच दिवशी तिला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, तुमच्यामुळे नाही. पण नर्स माझ्याकडे बघत होती ना, ती..."

कुणी 'अरेरे' केलं नाही. त्यासाठी मी आजही त्या बायकांची ऋणी आहे.

"पेटीत किती राहिली?" कातरीनबायनं विचारलं.

"महिन्याच्या वर."

"आणि आता?"

"आता बरी आहे. वजनही भरलंय."

"मग पेटीतून काढ की तिला," ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले.

तेव्हा मी रेवाला तिच्या हातात दिलं. हे असं एका ओळीत लिहिता येतं, तेवढ्यानं ते सोपं होत नाही. माझे हात कोपरापासून सुटत नव्हते. रेवानं लगेच सूर लावला. नाक वाहायला लागलं, गालावर मघाच्या नाचणीच्या खिरीचा वाळलेला डाग, त्यावरून अश्रू. कातरीनबाय उठून उभी राहिली, तिला खांद्यावर थोपटत, "ओ, ओ, ओ, कोण रडतंय गं," करत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. रेवा हुंदके देत थांबली. कातरीनबायनं तिला समोर धरून न्याहाळलं. "शी! कसलं हे तोंड!" म्हणत पदराचं टोक उचललं, जिभेवर ओलं केलं आणि रेवाचा गाल खसाखसा पुसला. पुन्हा ओलं केलं, हनुवटी पुसली.

मी खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी आवळून धरल्या. माझ्या बाटल्या, माझं उकळलेलं पाणी, माझं स्पिरिट! आणि या बाईनं सगळ्यांदेखत थुंकी लावली माझ्या पोरीला!

पहिलं लक्षात आलं ते फादरांच्या. त्यांनी हात तोंडावर नेला. मग इस्तेरचे खांदे हलायला लागले.

"काय झालं?" कातरीनबाय म्हणाली.

"कातरीनबाय," फादर शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाले, "काय लावलंत पोरीला?"

"काय लावणार? तोंड पुस..." ती थांबली. हातातल्या पदराच्या ओल्या टोकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

हॉल असा फुटला, की भिंतीवरच्या पालीसुद्धा पळाल्या असतील. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या, पास्कलही पाठ फिरवून हसत होता. मी हसत होते की रडत होते, मला आता सांगता येणार नाही.

"हसू नका!" कातरीनबाय ओरडली. "ही गोष्ट वेगळी. हे लेकरू आहे. लेकराचं तोंड सगळेच पुसतात. माय म्हणजे काय लेकरू आहे?"

"सप्टेंबरात आपण कुठला सण करतो?" फादरांनी विचारलं.

"मायचा."

"म्हणजे तिच्या जन्माचा दिवस. कधीतरी तीही आठ महिन्यांची असेलच ना, कातरीनबाय? तिच्या आयनं तिचं तोंड कशानं पुसलं असेल?"

"फादर, प्रवचन रविवारी करा," ती फणकारली. पण बसली. रेवा तिच्या मांडीवर, तिच्या गळ्यातला क्रूस चघळत. तो क्रूस कधी धुतला असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो गिळला.

रेवाच्या तोंडातून क्रूस सोडवत कातरीनबाय म्हणाली, "उद्या सकाळी मी येते. माझ्यासमोर होऊ दे काय ते. मला पटलं तर पटलं. नाही पटलं, तर पास्कल, तुझा व्हॅलेरियन."

सकाळी ती आली तेव्हा नेसून आली होती ठेवणीतलं लाल लुगडं. मागे गावच्या निम्म्या बायका. वेदीमागची ती खोली चार माणसांची. त्यामुळे दारात डोक्यावर डोकी, खिडकीच्या गजांत तोंडं.

"बसा मावशी," मी स्टूल पुढे केलं. "आधी चहा घेणार?"

"चहा?" ती म्हणाली. "काल रात्रीच्या जेवणानंतर पाण्याचा थेंब घेतला नाही. पूर्वी चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घ्यायच्या आधी धरायचो ना, तसा उपास धरलाय. सकाळी मिठाच्या गुळण्या केल्यात."

"बघायला उपास कशाला?"

"बघायला नाही, करायला!" ती स्टुलावर बसली. "हा मळ कुणाचा? आमचा. माझ्या आयनं लावलेल्या तेलाचा, तिच्या आयनं लावलेल्या तेलाचा. तो परक्या बाईनं का काढावा? थुंकीच लागायची असेल, तर पहिली माझी लागेल."

माझ्या सरांचा पहिला नियम होता, शिकलेल्या हाताशिवाय चित्राला हात लागता कामा नये. नियम बरोबरच आहे. आजही मी तो माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. पण त्या सकाळी तिला नाही म्हणणं म्हणजे पुन्हा एकदा मूठ पुसणं झालं असतं. आणि ते झालं असतं, तर दुपारपर्यंत व्हॅलेरियन डबे घेऊन हजर.

"चेहरा नाही," मी म्हणाले. "मायचा चेहरा मी करीन. तुम्ही इथं करा, बाळाच्या हनुवटीखाली. इथला रंग घट्ट आहे, मी तपासलाय. आणि तुमचं मनगट माझ्या हातात राहील. मी थांबा म्हणाले की थांबायचं."

"बरं, मास्तरीणबाई."

एका हातात दिवा, एका हातात तिचं मनगट. रेवा कडेवर असताना ते जमणार नव्हतं. मी दाराकडे वळले. इस्तेर पुढेच होती, पण कालच्या अनुभवानं तिनं हात पुढे केले नाहीत. मीच रेवाला तिच्याकडे दिलं. "मान धरायला नको," मी म्हणाले, "आता धरते ती." एवढीच सूचना दिली. आणखी पुष्कळ होत्या, त्या तोंडातच ठेवल्या.

कातरीनबायनं छातीवर क्रुसाची खूण केली, काडी तोंडात घातली, बाहेर काढली. कापूस कोरडा ठणठणीत. पुन्हा घातली. पुन्हा कोरडा. ती कावरीबावरी झाली.

"तोंडाला पाणीच नाही," ती हळूच म्हणाली.

"उपास धरलास ना!" खिडकीतून कुणीतरी म्हणालं. "आता काढ थुंकी!"

"गप बस गं! मायचा कोप झाला म्हणायचा की काय..." तिनं पुन्हा क्रुसाची खूण केली. भीती होती तिच्या डोळ्यांत. मला ती ओळखीची वाटली.

"कोप नाही मावशी, तहान आहे," मी म्हणाले. "कैरी आठवा. कच्ची, करकरीत. वर मीठ नि तिखट."

"चिंच!" दारातून इस्तेर. "गाभुळलेली. झाडावरून आत्ता पाडलेली."

"आवळा! मिठातला!"

"व्हिनेगरातलं लिंबाचं लोणचं, तुझ्या सुनेनं नासवलं होतं ते!"

"माझी सून नाही नासवत," कातरीनबाय उसळली, "तुझ्या सुनेला..." आणि बोलता बोलता तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं घाईघाईनं काडी तोंडात घातली. बाहेर हसणं दाबत बायका एकमेकींना चिमटे काढत होत्या.

या वेळी कापूस ओला होता. मी तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्या हाताचं वजन माझ्या तळव्यात आलं. काडी फळीला टेकली. "दाबू नका. फिरवा. नुसती फिरवा." तिनं फिरवली. कापूस तपकिरी झाला, मग काळा. मी नवी दिली. पाण्यानं टिपलं. पुन्हा नवी. काळ्यातून आधी पिवळट काहीतरी वर आलं, मग गव्हाळ. बाळाची हनुवटी. मधोमध छोटी खळी.

"आई गं," कातरीनबाय म्हणाली.

"अजून वर?" तिनं विचारलं.

मी तिथला रंग भिंगातून पाहिला. कुठं तडा नव्हता, पापुद्रा नव्हता. "हळू," मी म्हणाले.

ओठ आला. चिंचोक्याएवढं तोंड, आणि ते मिटलेलं नव्हतं. खालच्या ओठाच्या आत दोन पांढरे ठिपके दिसले. मला आधी वाटलं, रंग उडून खालचं अस्तर दिसतंय. मी तिचं मनगट मागे खेचलं, भिंग डोळ्याला लावलं. रंग उडाला नव्हता. ब्रशच्या टोकानं, फार जपून, कुणीतरी ते दोन ठिपके ठेवले होते.

"काय झालं?" कातरीनबायनं काडी बाजूला धरली. "बिघडवलं मी?"

"मावशी," मी म्हणाले, "ह्याला दात आलेत."

तिनं माझ्या हातातून भिंग ओढून घेतलं. बराच वेळ पाहिलं.

"दात!" ती ओरडली. "अगं पोरींनो, दात आलेत आपल्या बाळाला! खालचे दोन!"

मग कोण ऐकतं! बायका आत घुसल्या. "बघू, बघू." "खरंच की गं!" "हसतोय तो!" "ह्या वयात खालचेच येतात आधी." "चावत असणार मायला, पाजताना." मी दोन्ही हात पसरून फळीपुढे उभी राहिले, "हात लावू नका, हात लावू नका," ओरडत. आणि त्या माझ्या काखेखालून, खांद्यावरून माना घालून बघत होत्या. त्या चित्रकारानं घरातलंच कुठलं तरी बाळ पाहून काढलं असणार. दात आलेला देव काढ, असं त्याला कुठला पाद्री सांगणार?

कातरीनबायच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ती ते पुसत नव्हती. "एवढी वर्षं चोळलं ह्याच्या तोंडाला," ती म्हणाली. "हसतोय हे कळलंच नाही आम्हाला."

मग नाक ओढून, दाराकडे तोंड करून तिनं हुकूम सोडला, "पास्कलला सांगा जाऊन. व्हॅलेरियनला म्हणावं, क्रूस रंगव."

आता प्रत्येकीला एकदा तरी काडी फिरवायची होती. मी भांडले, विनवण्या केल्या, शेवटी बाळाच्या अंगरख्याच्या खालच्या काठावर तडजोड झाली. तोंड खळखळून धुऊन एकेकीनं रांगेत यायचं, मनगट माझ्या हातात द्यायचं. कुणाच्या तोंडाला पाणी सुटेना, की बाकीच्या लोणच्यांची नावं घेत. ऊन खिडकीतून सरकत फळीच्या पायथ्याशी आलं. मी वाकून, ओणवून, डोळे भिंगाला लावून एकामागून एक काड्या पुरवत राहिले.

मान अवघडली म्हणून मी सरळ झाले. समोर रांगेत इस्तेर उभी होती. तिची पाळी आली होती. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

"रेवा कुठाय?" मी विचारलं.

"असेल कुणाकडे तरी," कातरीनबाय चित्रावरची नजर न काढता म्हणाली.

बाहेर अंगणात, बायकांच्या घोळक्यात कुठंतरी, रेवा मोठ्यानं हसली. ती कुणाच्या कडेवर आहे, हे खिडकीतून दिसत नव्हतं. मी क्षणभर कान देऊन उभी राहिले. मग काडीला नवा कापूस गुंडाळला आणि ती इस्तेरच्या हातात दिली.